चालकाचे नाव

रिठद, ता. २७ ऑक्टोबर १९५७

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. भाऊबीजेला तुझ्याकडून ओवाळून घेऊन निघालो तो धड घरी पोचलो नाही, हे तुझ्या कानावर आलंच असेल. वाशीमच्या लोकांना दुसरा धंदा काय आहे? पण खरं काय ते तुझ्या धाकट्या भावाकडून ऐक.

रिठद तीन मैलांवर राहिलं होतं. नाल्याचं वळण उतरलं की रस्ता अरुंद होतो. समोरून कापसाची गाडी आली. तांड्यावरचा फुलसिंग. रस्ता त्याला आंदण मिळाल्यासारखा मधोमध चालला होता. हॉर्न दिला तर त्याचा बैल बुजला आणि आडवा आला. मोटारीचं नाक पार चेपलं, रेडिएटर फुटलं, डावा दिवा आणि मडगार्ड गेलं, पुढचा आस वाकला. माझ्या छातीला थोडा मार बसला. रंगू मागे बसली होती, तिला काही झालं नाही. जगदेवच्या कपाळाला खोक पडली. बैल जागीच मेला. फुलसिंगच्या पायाला खरचटलं असावं, त्याला त्याच्या लोकांनी उचलून नेलं.

या लोकांना रस्ता कशाशी खातात हे माहीत नाही. सरकार त्यांच्यासाठी डांबर टाकतं आणि ते त्यावर बैल झोपवतात. वर शोभा अशी की मोटार हलेना, तेव्हा दोन बैलजोड्या जुंपून ती वाशीमला ओढत न्यावी लागली. वाटेत लोक दात काढून पाहत होते.

मोटार उकंडराव मिस्त्रीच्या शेडमध्ये आहे. शाळेत जाता-येता तू तिथे डोकावत जा. हे मिस्त्री चांगले भाग काढून घेतात आणि मालकाला डबा परत देतात. विमा कंपनीच्या एजंटाने सहा पानी फॉर्म दिला आहे. हप्ते घेताना त्यांना एक पान पुरत होतं. आता अपघाताचा नकाशा काढा, रस्त्याची रुंदी लिहा, बैलाचा रंग तेवढा विचारायचा राहिला आहे. सगळं भरून पाठवतो. कंपनीकडून दुरुस्ती नाही करून घेतली तर नाव दौलतराव नाही.

तुझा
दौलत


वाशीम, ता. ३० ऑक्टोबर १९५७

चि. दौलत,

आशीर्वाद. तू जिवंत आहेस आणि रंगूला काही झालं नाही, एवढी एकच बातमी तुझ्या पत्रात वाचण्यासारखी होती.

काल शाळा सुटल्यावर तुझी मोटार पाहून आले. शेडच्या दारात ती अशी उभी आहे की बाजारातून येणारी बाई थांबून हळहळते आणि मग कुणाची ते कळल्यावर हसते. तीन वर्षांपूर्वी तू ती अकोल्याहून आणलीस तेव्हा गावभर पेढे वाटलेस. मी तेव्हाच म्हटलं होतं, ज्याला सायकलवर तोल सांभाळता येत नाही त्याने मोटारीत मागेच बसावं. तू मागे बसतोस एवढं एक शहाणपण तुला देवाने दिलं आहे. पण ज्याच्या हातात चाक देतोस त्याचं काय? जगदेव बैल हाकावा तशी मोटार हाकतो. माझ्या दारातून निघाला तेव्हाच कोंबड्या जीव घेऊन पळाल्या. नाल्याच्या वळणावर त्याने काय केलं असेल ते मला सांगायला नको.

उकंडराव मिस्त्री तू म्हणतोस तसा चोर दिसत नाही. तो म्हातारा बोलत फार कमी. आस सरळ होईल म्हणतो, पण रेडिएटर आणि दिवा मुंबईहून मागवावा लागेल, आणि कंपनीचा सर्व्हेअर पाहून गेल्याशिवाय तो एक खिळाही काढणार नाही. हे योग्यच आहे. तुझ्यापेक्षा कायदा त्याला जास्त कळतो.

फुलसिंगच्या पायाला खरचटलं "असावं" म्हणजे काय? तू खाली उतरून पाहिलं नाहीस?

अक्का


रिठद, ता. ५ नोव्हेंबर १९५७

ती. अक्का,

सा. नमस्कार. तुझं पत्र मिळालं. शाळेतल्या मुलींना जसं बोलतेस तसं मला बोलायची तुझी सवय जात नाही. पण जगदेवबद्दल तू लिहिलंस ते अगदी बरोबर आहे. तो वेगानेच चालवत होता. मी त्याला दोनदा सांगितलंही. तुझं ते वाक्य मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

फॉर्म भरून पाठवला. त्यात "चालकाचे नाव" असा एक रकाना आहे. चालकाकडे लायसन्स नसेल तर कंपनी हात वर करते, म्हणून त्यात जगदेवचं नाव, लायसन्सचा नंबर आणि सही आहे. पोलिसांतही तेच नोंदवलं आहे. त्यांनी जगदेववर खटला भरला आहे, पण ती नुसती रीत असते. आमचे वकील म्हणतात, बैल बुजून आडवा आला हे सिद्ध झालं की जगदेव सुटला आणि क्लेमही पास झाला.

एक काम कर. सर्व्हेअर मोटार पाहायला वाशीमला येणार आहे. तू शेडवर जा आणि त्याला एवढंच सांग की तुझ्या दारातून मोटार निघाली तेव्हा चाकावर जगदेव होता. तू मुख्याध्यापिका, तुझ्या शब्दाला वजन आहे. आणि हे तू डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यात खोटं काहीच नाही.

फुलसिंगचा पाय मोडला आहे असं आता म्हणतात. तांड्यावरचे लोक मोटारवाला दिसला की पाय मोडून घेतात.

दौलत


वाशीम, ता. १२ नोव्हेंबर १९५७

दौलत,

सर्व्हेअर अजून आलेला नाही. आपल्या मालेगावला एका ट्रकचं काम निघालं म्हणून तो तिथे अडकला आहे. तो यायच्या आत मी तुला हे पत्र लिहिते आहे, म्हणजे तो आल्यावर काय होईल ते तुला कळावं.

रविवारी मी पुन्हा शेडवर गेले. उकंडरावांनी दार उघडून आत काय मोडलं ते दाखवलं. तुला माहीत आहे जगदेव केवढा उंच आहे. मोटारीत वाकून बसला तरी त्याचं डोकं छपराला लागतं. आणि मोटारीची पुढची सीट पार पुढे सरकवलेली, इतकी की जगदेव तिथे बसला तर त्याचे गुडघे कानाला लागतील. वर सीटवर उशी. निळ्या खणाची, कडेला पांढरी शिवण. ती मी तुझ्या कंबरेसाठी गेल्या उन्हाळ्यात शिवली होती. मी उकंडरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बाई, मी गाडी पाह्यतो. मानसं पाह्यनं माह्यं काम नाई." आणि दार लावून घेतलं.

तिथून मी सरकारी दवाखान्यात गेले. फुलसिंगचा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये आहे. दोन जागी मोडला आहे. तुझं "खरचटलं असावं" ते हेच. त्याची बायको सोनीबाई पायथ्याशी बसली होती. मी कोण हे तिला आधी सांगितलं नाही, मास्तरीण आहे एवढंच सांगितलं. तिने आपणहून सांगितलं. गाडी कडेने चालली होती, तीही मागून चालत होती. मोटार वळणावरून आली ती सरळ त्यांच्या अंगावर. चाकावर मालक होता, त्याच्या टोपीचा रंगसुद्धा तिने सांगितला. शेजारी बसलेल्या ड्रायव्हरने हात घालून चाक फिरवायला पाहिलं, त्यातच त्याचं कपाळ फुटलं. मी विचारलं, बैल बुजला होता का. ती बाई पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "बैल कायले बुजन बाई? थ्याले तं मोटरचा आवाज ऐकूनच झोप ये."

वाशीमच्या वेशीबाहेर पडल्यावर तू जगदेवला बाजूला सारून चाकावर बसलास. मागे बसलेल्या बायकोला तोरा दाखवायचा होता, की रिठदच्या लोकांना? तीन वर्षांत लायसन्स काढायला तुला सवड झाली नाही. बैल मारायला सवड झाली, माणूस लंगडा करायला झाली, आणि मग सहा पानांच्या फॉर्मवर एका गरिबाची सही घ्यायलाही झाली. त्या रकान्यात चालकाचे नाव विचारलं होतं, दौलत. तेवढं एक नाव तुला धड लिहिता येत नव्हतं?

मी सर्व्हेअरला काहीही सांगणार नाही. तुझ्या बाजूचंही नाही.

अक्का


रिठद, ता. १६ नोव्हेंबर १९५७

ती. अक्का,

नमस्कार. तांड्यावरच्या बाईचं तू ऐकलंस आणि सख्ख्या भावाचं नाही. बरं आहे.

हो, मी चालवत होतो. झालं? रोज लोक चालवतात. माझ्या जागी जगदेव असता तरी तेच झालं असतं. मोटार तीच, रस्ता तोच. मग कागदावर कुणाचं नाव आहे याने जगात काय फरक पडतो? विमा कंपनी माझ्याकडून तीन वर्षं हप्ते घेत होती तेव्हा तिने विचारलं नाही कोण चालवतो म्हणून. आता तिला अचानक सत्याची हौस आली आहे. खुर्चीत बसून कागद नाकारणारे लोक ते. त्यांच्याशी जसं वागायचं तसं मी वागलो.

जगदेवला मी जबरदस्ती केली नाही. त्याने आपणहून सही केली. दंड झाला तर मी भरणार आहे. शिवाय वकिलांनी फुलसिंगचंही बघितलं आहे. तो बरा होऊन गावी आला की कोर्टात सांगेल, चूक त्याचीच होती, बैल बुजला. बदल्यात मी त्याला बैल देणार. पेरणीला त्याला बैल हवा, मला साक्ष हवी. कुणाचं काय बिघडलं सांग? सगळ्यांचं भलं होतंय आणि एकट्या तुझ्या पोटात दुखतंय.

तू गप्प राहणार असशील तर गप्पच राहा. तेवढं तरी कर.

दौलत


वाशीम, ता. २ डिसेंबर १९५७

दौलत,

सर्व्हेअर येऊन गेला. चष्मेवाला, थकलेला माणूस. त्याने मोटार पाहिली, वही भरली आणि उकंडरावांना विचारलं की सीट अशी का आहे. उकंडराव म्हणाले, गाडी ओढून आणताना सरकली असेल. म्हणजे तुझ्यासाठी तोही खोटं बोलला. मग सर्व्हेअर माझ्याकडे वळला. दारातून निघताना चाकावर कोण होतं असं त्याने विचारलं. मी म्हटलं, जगदेव. त्याने पुढे विचारलं नाही आणि मी पुढे सांगितलं नाही. वाशीमच्या मुलींना मी शाळेत खरं बोलायला शिकवते, आणि मी स्वतः शेडच्या दारात तुझ्या सोयीचं अर्धं वाक्य बोलून घरी आले.

तू खूश होशील. हो. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही, हेही ऐकून ठेव.

रंगूचं पत्र नाही. तिला माझ्याशी बोलायला लाज वाटते की तुझ्याशी, ते कळव.

अक्का


मु. रिठद, ता. १९ डिसेंबर १९५७

पंचफुलाबाईले जगदेवचा नमस्कार.

बाई, मी चार बुकं शिकलो हाये, म्हून हे कागद माह्या हातानं लिहून राह्यलो. चुकलं तं सांभाळून घ्या.

मालकाच्या घरी मले बोलावलं व्हतं तवा त्याईनं तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुमी लिहलं व्हतं का जगदेव बैल हाकावा तशी मोटर हाकते. मालक म्हणे, पाह्य, माही बहीणच असं म्हणते. आता तू कोर्टात कितीबी सांगशीन का मोटर मालक चालवत व्हते, तुह्यावर कोन इस्वास ठेवन? सही कर, मंग मी पाह्यतो. मले वाटलं, बाई शिकेल हाये, थ्याईनं लिहलं म्हंजे तसंच असन. म्हून मी सही केली. दुसरं काई कारन नव्हतं. मालकानं पैशाचं काढलं व्हतं, थे मी नाई म्हटलं.

सरकारी मोटर सर्व्हिसचा कागद आला व्हता मले. अकोल्याले ड्रायव्हरच्या परीक्षेले बोलावलं व्हतं. आता थे लिहतात का केस संपल्याबिगर येऊ नका, आन सजा झाली तं येऊच नका. आठ वर्स झाले मले चाकावर. आतावरी येक कुत्रं नाई आलं माह्या चाकाखाली. तुमची माय गेली त्या साली नाल्याले पूर व्हता, तवा तुमाले रिठदले मीच आनलं व्हतं. तुमी मागं रडत व्हत्या, तुमाले आठोत नसन.

तुमी कोर्टात काई बोलू नका बाई. मी मालकाले शब्द देल्ला हाये, आन घरचं भांडन नको. फक्त येक करा. मले बैल हाकल्यावानी मोटर हाकता येत नाई, येवढं मालकाले लिहून पाठवा. थे मले लागलं.

जगदेव


वाशीम, ता. ४ जानेवारी १९५८

दौलत,

हे पत्र जगदेवला वाचून दाखव, जसं मागचं दाखवलंस.

माझ्या दारातून तो निघाला त्या दिवशी कोंबड्या पळाल्या त्या माझ्या शेजारणीने दाणे टाकले म्हणून. मोटार संथ गेली. मी ते पाहिलं होतं. तुला टोचायला एक वाक्य हवं होतं आणि तू समोर नव्हतास, म्हणून मी ते त्याच्या अंगावर टाकलं. आई गेली तेव्हा गुडघाभर पाण्यातून त्याने मला आणलं. नाल्यात उतरायच्या आधी तो खाली उतरला, काठीने पाणी मोजलं, आणि मग मोटार अशी नेली की माझ्या मांडीवरची आईची पिशवी हलली नाही. मला सगळं आठवतं. इतकं चांगलं चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी माझ्या सहीने लिहून देते, कुणालाही दाखवायला.

त्याने सही का केली हे मला कळलं आहे. तुझ्या दबावामुळे नाही. माझ्या त्या वाक्यामुळे. तुला तुच्छ लेखायला मी आयुष्यभर शब्द जमवत आले, आणि त्यातला एक तू उचलून त्याच्या गळ्यावर ठेवलास. म्हणजे या प्रकरणात मी तुझी भागीदार आहे.

ती भागीदारी मी मोडली आहे. मोटार कोण चालवत होतं, सीट कशी होती, उशी कुणाची होती, सगळं मी विमा कंपनीला लिहून पाठवलं आहे. कोर्टात काय बोलायचं ते आता तू ठरव.

अक्का


रिठद, ता. ९ जानेवारी १९५८

अक्का,

पत्र मिळालं. तुझं पत्र मी जगदेवला वाचून दाखवणार नाही. तुझी आणि माझी गोष्ट संपली. पुढच्या भाऊबीजेला दुसरा भाऊ शोध.

दौलतराव


वाशीम, ता. १८ फेब्रुवारी १९५८

दौलत,

तू मला पत्र लिहू नको म्हटलं नाहीस, माझं वाचणार नाहीस असंही म्हटलं नाहीस, म्हणून लिहिते.

काल मी कोर्टात मागच्या बाकावर होते. तू मला पाहिलं नाहीस. तू कुणालाच पाहत नव्हतास. जगदेवला विचारलं तेव्हा तो ताठ उभा राहून म्हणाला की मोटार तो चालवत होता, गाडी आडवी आली. असा एका दमात बोलला की मॅजिस्ट्रेटनी लिहूनही घेतलं. मग फुलसिंगला आणलं. कुबडीवर. वकिलांनी विचारलं, तुझी गाडी चुकीच्या बाजूला होती? तो हो म्हणाला. चूक तुझी होती? हो, माही व्हती. तुझा बैल हॉर्नने बुजून आडवा आला? तिथे तो थांबला. वकिलांनी पुन्हा विचारलं. सोनीबाई दाराशी उभी होती, तिने मान खाली घातली. तेव्हा फुलसिंग म्हणाला, "नाई साहेब. बैल नाई बुजला. चूक माही लिहून घ्या. पन बैल सिधा चालत व्हता."

वकील चिडले. त्यांनी चार वेगवेगळ्या रीतीने तेच विचारलं. तो दर वेळी चूक आपल्यावर घेत होता आणि दर वेळी मेलेल्या बैलाला सोडवत होता.

मग मालक म्हणून तुझं नाव पुकारलं. तू पिंजऱ्यात गेलास. तुला फक्त एवढंच विचारलं होतं, की मोटार तुझी आहे का. आणि तू म्हणालास, "मोटार माझी आहे आणि ती मीच चालवत होतो. माझ्याकडे लायसन्स नाही. हे दोघं माझ्या सांगण्यावरून बोलून राह्यले." तू इतकं हळू बोललास की तुला ते पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितलंस.

आता माझं ऐक. विमा कंपनीला मी काहीही पाठवलेलं नव्हतं. लिहिलं होतं, पाकिटात घातलं होतं, तिकीटही लावलं होतं. दीड महिना ते माझ्या पेटीत पडून आहे. रोज शाळेत जाताना पेटी उघडायची आणि बंद करायची. मी तुझी बहीण आहे हे तेव्हा मला आठवायचं. एरवी तुला बोलताना मात्र कधी आठवलं नाही. तुला वाटलं असेल की कंपनीला कळलंच आहे, आता लपवून उपयोग नाही, म्हणून तू खरं बोललास. तसं असेल तर मी तुला फसवून खरं बोलायला लावलं. तरी मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की मोठ्या बहिणीला जे जमलं नाही ते खोट्या धमकीच्या जोरावर धाकट्याकडून करून घेतलं.

अक्का


रिठद, ता. १२ मार्च १९५८

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. तू काही पाठवलं नाहीस हे मला माहीत होतं. कोर्टाच्या तारखेच्या आठ दिवस आधी मालेगावच्या बाजारात तो सर्व्हेअर भेटला. मीच घाबरत घाबरत विचारलं, माझ्या बहिणीचं काही पत्र आलं का. तो म्हणाला, नाही, आणि क्लेम बहुतेक पास होईल, कोर्टाचा निकाल आला की दुरुस्तीला मंजुरी देऊ. मी त्याला चहा पाजला. घरी येताना वाटेत मला तुझं हसू आलं. एवढी जीभ चालवणारी बाई, आणि एक पाकीट टाकता आलं नाही.

तेव्हा मी कोर्टात गेलो तो खोटं बोलायचं ठरवूनच गेलो. सगळं जुळून आलं होतं. जगदेव सुटणार होता, मोटार दुरुस्त होणार होती, फुलसिंगला बैल मिळणार होता. जगदेव खोटं बोलला तेव्हा मला बरंच वाटलं. फुलसिंग हो हो म्हणाला तेव्हाही बरं वाटलं. पण तो बैलापाशी थांबला. अक्का, त्या माणसाने स्वतःची लाज माझ्यासाठी विकली होती. पेरणीला बैल हवा म्हणून. पण मेलेल्या बैलाची विकायला तो तयार नव्हता. मी फॉर्मवर ते वाक्य लिहिलं होतं तेव्हा हातही थांबला नव्हता. "बैल बुजून आडवा आला." मला वाटलं होतं मेलेल्या जनावराचं कोण ऐकतं. माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, आणि ते फुलसिंगच्या समोर निघेना. बाकी काही नाही. मोठेपणा वगैरे समजू नको.

कोर्टाने मला दंड केला आणि लायसन्स मिळेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही असं बजावलं. कंपनीचं पत्र आलं, क्लेम नामंजूर, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल एक कडक परिच्छेद. तो मी दोनदा वाचला, चांगला लिहिला आहे. मोटार उकंडरावलाच देऊन टाकतोय. तो म्हणतो, भाग सुटे करून विकीन. लोक आता मला बैलगाडीतून जाताना पाहतात आणि राम राम जरा लांबवून करतात. त्यांची पाळी आहे, करू दे. रंगू मात्र परवापासून माझ्या ताटात भाकरी टाकताना बोलायला लागली.

जगदेव परीक्षा पास झाला. जाण्याआधी भेटायला आला होता. तुझं पत्र मी तेव्हा त्याला दिलं, त्याने ते माझ्यासमोर नाही वाचलं, खिशात घालून घेऊन गेला.

काल मी बैल घेऊन तांड्यावर गेलो. साक्षीचा सौदा तर मोडलाच होता, पण पेरणी तर येणारच. फुलसिंग खाटेवर होता. त्याने मला बस म्हटलं नाही. कुबडी घेऊन उठला, बैलाच्या तोंडात हात घालून दात पाहिले, मागे जाऊन पायांची ठेवण पाहिली, आणि म्हणाला, "मालक, हा बैल म्हातारा हाये. तुमाले फसवलं कोनी." मला कुणी फसवलं नव्हतं. तो माझ्या गोठ्यातला कामातून गेलेला बैल होता, म्हणूनच मी तो निवडला होता. ते त्यालाही कळलं असणार. सोनीबाई दारात उभी होती, ती हसली नाही.

मी तो बैल घेऊन परत आलो. आज सकाळी माझ्या जोडीतला उजवा, पांढरा, नेऊन त्याच्या दावणीला बांधला. त्याने पुन्हा दात पाहिले. मग म्हणाला, "हा बरा हाये," आणि मला बसायला खाट पुढे केली.

तुझा
दौलत